पोवाडा अर्ध्यावर तोडू नका, आणि हरलेल्या दिवसांचाही गा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की पोवाडे म्हणजे निव्वळ थापा आहेत, घोरपडीला दोर बांधून कधी कोणी गड चढतं का, शाळांच्या गॅदरिंगमधून हा प्रकार बंद करा. आमच्या कट्ट्यावर दोन दिवस त्याच पत्राचा कीस पडला आणि शेवटी सगळे माझ्यावर घसरले, तूच उत्तर लिही म्हणाले, तू त्या लायनीतला. लायनीतला म्हणजे मी काही शाहीर नव्हतो बरं का, तरुणपणी कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून संध्याकाळी एका शाहिरांच्या पार्टीत झील धरायला जायचो, म्हणजे मागे उभं राहून जी जी रं जी करायचं, कधी हातात तुणतुणं, कधी झांज. पण मागे उभं राहिल्याचा एक फायदा असतो, समोर बसलेली माणसं कुठे सावरून बसतात, कुठे चुळबुळ करतात आणि कुठे डोळे पुसतात ते सगळं दिसतं.

घोरपडीबद्दल त्यांची शंका बरोबरच आहे, पण ती काही नवीन नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली, त्यात तानाजी मालुसऱ्याबरोबर पाचशे माणूस होतं असं आहे आणि निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले असं आहे, घोरपड कुठेच नाही. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. तिथे गडाचा किल्लेदार उदेभान, त्याच्या दिमतीला चंद्रावळी हत्ती आहे, सिद्दी हिलाल आहे, म्हणजे शाहिराने शत्रू जेवढा मोठा करता येईल तेवढा केलाय कारण त्याशिवाय तानाजी मोठा कसा होणार. कोंढाण्याचं सिंहगड हे नावही तानाजी पडल्यावर ठेवलेलं नाही, ते १६७० पूर्वीच्या कागदांत सापडतं. हे सगळं मान्य आहे हो. पण म्हणून पोवाडा बंद करा हे काही पटत नाही, कारण तो ऐकायला बसलेला माणूस घोरपडीसाठी बसलेलाच नसतो.

तो बसलेला असतो रायबाच्या लग्नासाठी. तानाजी मुलाच्या लग्नाचं आवतन घेऊन महाराजांकडे येतो आणि तिथे त्याला कोंढाण्याची कामगिरी समोर येते. घरी मांडव, आणि हा निघाला गडावर. मग ऐंशी वर्षांचा शेलारमामा. मग रात्रीची चढाई, मग तानाजी पडतो, मग महाराज गडावर येऊन बघतात, आणि शेवटी रायबाचं लग्न महाराज स्वतः लावून देतात. ही गोष्ट आहे. सभासदाच्या बखरीत महाराज म्हणतात की एक गड घेतला परंतु एक गड गेला, तेच दुःख तुळशीदासाने लग्नघर मधे घालून सांगितलं. आमचे शाहीर त्या शेवटच्या चौकाला, म्हणजे पोवाड्याच्या शेवटच्या भागाला, डफ बंद करायचे आणि नुसत्या तुणतुण्यावर गायचे, तेव्हा बायका पदर डोळ्याला लावायच्या, आणि त्या बायकांपैकी कोणीही नंतर येऊन मला विचारलं नाही की घोरपड खरी का खोटी.

आता आमच्या भागात शिवजयंतीला काय होतं ते सांगतो. भिंतीएवढे स्पीकर, त्यावर याच पोवाड्याच्या पहिल्या दोन ओळी, मग कडा चढायची एक ओळ, मग ठेका सुरू, धाड धाड धाड, आणि पोरं नाचायला लागतात. मोबाइलवर तर तेवढंही नाही, अर्ध्या मिनिटाचं रील, चढाई झाली की संपलं. ज्या पोवाड्यात नायक मरतो त्यातलं मरणच कापून टाकलं!! आणि तानाजीचंच असं केलंय असं नाही, सगळ्याच पोवाड्यांचं असंच झालंय, आम्ही जिंकलो तेवढं ठेवलं आणि बाकीचं कुठेतरी माळ्यावर टाकून दिलं. त्या गृहस्थांनी खरं तर याच्यावर चिडायला हवं होतं.

कारण पोवाडा हा प्रकार मुळात फक्त जयजयकाराचा कधी नव्हताच. आपल्याला माहीत असलेला जुन्यातला जुना म्हणजे अगिनदासाचा अफजलखानाचा, ती घटना १६५९ ची, आणि त्या पोवाड्याबद्दल शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला हे पोवाड्यातच येतं. तो विजयाचाच आहे, कबूल. पण पुढे पेशवाईत या. त्या काळी छापील पेपर नव्हता, पुण्यात काय झालं हे सातारा-नगर-नाशिककडच्या खेड्यात कळायचं ते गोंधळी आणि शाहीर यांच्या तोंडून. मग शाहीर काय फक्त चांगल्याच बातम्या सांगणार होता का. १७९५ सालच्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला त्यावर अनंत फंदींनी गायलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले, उणीपुरी एकवीस वर्षांचा पोरगा, त्यावर शाहीर प्रभाकरांनी गायलं. सात महिन्यांत जल्लोष पण आणि आक्रोश पण, आणि ऐकणारी माणसं तीच. पानिपतावर पोवाडे आहेत. पेशवाई बुडाली त्यावर प्रभाकरांचाच आहे. ही माणसं दरबाराच्या आश्रयाने राहायची हे खरं, बिदागीसाठी स्तुतीही भरपूर करायची, पण दरबार बुडाला तेव्हा तेही त्यांनी गाऊन ठेवलं.

नारायणराव पेशव्यांचं उदाहरण तर आपल्या दारातलं आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाड्यात गारदी, म्हणजे पगारी शिपाई, घुसले, सुमेरसिंग गारदी आणि त्याचे लोक, आणि तीन आठवड्यांपूर्वी अठरा पूर्ण झालेल्या पेशव्याला काका राघोबादादांच्या समोर मारलं. या खुनाचा पोवाडा आहे, जुन्या संग्रहात छापलेला आहे. पण आज पुण्यात कोणालाही विचारा, नारायणराव म्हटलं की काय आठवतं, तर भूत! पौर्णिमेच्या रात्री किंकाळी ऐकू येते, काका मला वाचवा, वाड्याच्या दरवाज्यासमोर उभं राहून पोरं घाबरल्याचे व्हिडिओ करतात आणि त्याला लाखांनी लाइक पडतात. म्हणजे खुनाची गोष्ट पुण्याने सोडलेली नाहीच, फक्त गाणाऱ्याच्या हातातून काढून भुताच्या हातात दिली. शाहिराने सांगितली असती तर त्यात पगार थकलेले गारदी आले असते, कोंडून ठेवलेले राघोबादादा आले असते, नंतर तोंडावर शिक्षा सांगणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे आले असते, कोणाची सही, कोणाची खाडाखोड, सगळं. भुताच्या गोष्टीत किंकाळीच्या पुढे काही नसतं.

आता हे पोवाडे आपल्यापर्यंत आले कसे, तेही जाता जाता सांगतो कारण त्यातच अडचणीचं मूळ आहे. हॅरी अॅकवर्थ नावाचा एक इंग्रज अधिकारी, पुढे मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला, वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं अॅकवर्थ हॉस्पिटल त्याच्याच नावाचं आहे, त्याने आणि शंकर तुकाराम शाळिग्रामांनी गोंधळ्यांकडून पोवाडे उतरवून घेऊन १८९१ मध्ये संग्रह काढला. मग आपले य. न. केळकर, त्यांनी १९२८ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला भाग काढला. या माणसांचे उपकारच आहेत, नाहीतर अर्धे पोवाडे म्हाताऱ्या गोंधळ्यांबरोबर गेले असते. पण पुस्तकात आले ते शब्द, चाल नाही आली. कागदावर वाचलं तर कित्येक चौक रुक्ष वाटतात, नावांच्या नुसत्या याद्या, अमुक सरदार आला तमुक सरदार आला. तेच उभं राहून म्हणा, एकेका नावावर डफावर थाप पडू दे, झीलकऱ्यांनी उचलू दे, मग कळतं की ती यादी नाही, ते सैन्य गोळा होतंय. पुस्तकातला पोवाडा म्हणजे पाकात न पडलेला गुलाबजाम, आहे सगळं पण खाववत नाही. म्हणून हे संग्रह लायब्ररीत पडून आहेत आणि जे दोन-तीन पोवाडे चालीसकट जिवंत राहिले तेच आपण दरवर्षी वाजवतो, आणि ते कोणते राहिले, तर विजयाचे, कारण सुपारी त्यांचीच मिळायची. यात आम्ही पार्टीवालेही आलोच, आयोजकाने जोरदार काहीतरी लावा म्हटलं की कोण पानिपत काढणार.

पण सुपारीची पर्वा न करणारे शाहीरही याच महाराष्ट्रात झाले. अण्णा भाऊ साठे घ्या. मुंबईत माटुंग्याच्या कामगार वस्तीत राहणारा, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला माणूस, आणि १९४३ च्या सुमारास त्याने पोवाडा कशावर केला तर स्टालिनग्राडवर! व्होल्गेच्या काठचं शहर, कधी न पाहिलेलं, आणि ऐकायला समोर गिरणी कामगार. बंगालमध्ये दुष्काळात माणसं मेली त्यावर गायलं, अमळनेरला कामगारांवर गोळीबार झाला त्यावर गायलं, काळ्या बाजारावर गायलं. काल घडलेलं आज डफावर. शाहीर अमर शेख, शाहीर गव्हाणकर आणि अण्णा भाऊ यांनी मिळून १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं ते यासाठीच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली अण्णा भाऊंची ती मैनेची छक्कड, माझी मैना गावावर राहिली, सगळ्यांना पाठ आहे पण ऐका जरा लक्ष देऊन, ते मुळात विरहाचं गाणं आहे, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव आपल्याकडे नाहीत हे त्यात नाव घेऊन सांगितलंय. लढा ऐन रंगात असताना काय हातातून गेलंय ते सांगणारा शाहीर! आता १ मे ला ती छक्कड लागते तेव्हा गावांची नावं येईपर्यंत कोणी वाजू देत नाही.

राजकारणाचं म्हणाल तर तेही आहेच. एकाच शिवाजी महाराजांवर महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये पोवाडा लिहिला आणि त्यांना कुळवाडी भूषण, म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण म्हटलं, आणि पुढे सावरकरांनी सिंहगडाचा लिहिला तो इंग्रज सरकारने जप्त केला. दोघांचे महाराज एकमेकांना ओळखतील की नाही शंका आहे. पण दोन्ही पोवाडे पूर्ण ऐकल्याशिवाय हे भांडणसुद्धा नीट करता येत नाही. आंबेडकरी जलशांतून भीमा कोरेगावची, महाडची, काळाराम मंदिराची गोष्ट गायली गेली ती कुठल्याच सरकारी पुस्तकात नव्हती तेव्हा. आणि बायका तर कुठल्या स्टेजशिवायच गात होत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटेवां यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर भरल्या त्या, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, घरात बसून पहाटे दळणाऱ्या बाईने आपल्या काळात काय घडतंय ते दोन-दोन ओळींत नोंदवून ठेवलंय. ना डफ ना फेटा.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी की घडलेली गोष्ट, मग ती जिंकलेली असो की हरलेली, गाऊन सांगायची हे आपल्याकडे होतं, आणि आपण ते मिरवणुकीपुरतं करून टाकलंय. खरंखोटं तपासायचं काम इतिहासवाल्यांचं, त्यांनी जरूर करावं, शाळेत बाईंनी पोवाडा झाला की सभासदाचं ते पान वाचून दाखवावं आणि मुलांना विचारावं की घोरपड का आली असेल, मुलं बघा किती भन्नाट उत्तरं देतात. बंद कशाला करायचं?

आणि आता माझी खरी तक्रार. पुण्यावर गेल्या शंभर वर्षांत कोसळलेली एवढी मोठी गोष्ट, १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर, तिचा पोवाडा आमच्या पेठांत कधी माझ्या कानावर आला नाही. केला असेलही कोणी, पण गणपतीत, जयंतीत, कुठल्या मंडळात लागलेला ऐकला नाही. अहो पोवाड्याला अजून काय पाहिजे? अंबी नदीवर धरण बांधायला घेतलंय, काम पूर्ण नाही आणि पावसाळा तोंडावर, पाणी अडवलंय. भिंत खचायला लागते. जवान येतात, रात्रभर पावसात वाळूची पोती रचतात, इकडे शहर झोपलेलं. सकाळी पानशेत फुटतं, मग ते पाणी खडकवासल्यावर, १८७९ चं जुनं दगडी धरण ते, तेही फुटतं, आणि भर दिवसा मुठेचं पाणी लकडी पुलावरून वाहतं, शनिवार, नारायण, कसबा, डेक्कन सगळं पाण्यात. त्या जवानांनी पोती रचून धरण काही तास धरलं नसतं तर हेच रात्री झोपेत झालं असतं असं आमच्या घरातले मोठे सांगायचे. शेलारमामा शोधायला कुठे लांब जायला नको, पोती टाकणारा एकेक जवान घ्या. आणि पुढचे चौकही आहेत, धान्याच्या रांगा, शाळांमधून राहिलेली माणसं, पेठा सोडून सहकारनगर-पर्वतीकडे नवीन वसाहतींत गेलेली कुटुंबं, चौकशी, कोणाची चूक यावरून झालेलं राजकारण, सगळं. हा काही कोणाच्या विजयाचा पोवाडा होणार नाही. नारायणरावांचाही नव्हता, आणि तरी लोकांनी तो पाठ केला.

माळीणचं तसंच. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका, सकाळी डोंगर खाली आला आणि जवळजवळ अख्खं गाव त्याखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं. बातम्या आठ दिवस चालल्या. आपल्याच जिल्ह्यात झालंय हे आता कॉलेजातल्या पोरांना सांगावं लागतं.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे की शाहिराला सुपारी देता ना, मग त्याला प्रमुख पाहुणे येईपर्यंतची पंधरा मिनिटं देऊ नका. पाहुणे आले की बिचारा अर्ध्या चौकात थांबतो, हार-तुरे होतात, आणि मग कोणीतरी माइकवरून म्हणतं शाहीर आता आवरतं घ्या. सिंहगडाचा पोवाडा नीट म्हणायचा तर तास सहज जातो. तो तास द्या, एकच पोवाडा होऊ दे पण आख्खा होऊ दे. डीजेचं जे काही बिल होतं त्याच्यात शाहिरांच्या चांगल्या चार पार्ट्या येतील, ढोलकीवाल्यासकट, हे मी अनुभवाने सांगतो. तरुण शाहीर आहेत पुण्यात, पोरी पण आहेत आता, खड्या आवाजाच्या, त्यांना फर्माईश करा की आम्हाला पानशेत पाहिजे, मग बघा करतात की नाही.

आणि त्यांना मालमसाला लागेल. पूर पाहिलेली माणसं अजून आहेत, सत्तरी-ऐंशीची, वाड्यांच्या जागी झालेल्या सोसायट्यांमध्ये तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतात, संध्याकाळी खाली बाकावर बसलेली असतात, विचारलं की बोलतात, थांबतच नाहीत. संपादक महाशय, तुमच्याकडून एक मदत व्हावी, १९६१ च्या जुलै-ऑगस्टच्या अंकांच्या फाइली तुमच्या ऑफिसात असतील तर त्या अशा पोरांना बसून बघू द्या, फोटो काढू द्या, त्यासाठी अर्ज-बिर्ज मागू नका. आणि ज्या वाचकांच्या घरी पुराच्या वेळची पत्रं, फोटो, रेशनचे कागद असतील त्यांनी तुमच्याकडे कळवावं अशी एक छोटी चौकट या पत्राखाली छापलीत तर फार बरं होईल, तेवढी जागा काढाच.

आपला,
एक जुना झीलकरी
कसबा पेठ, पुणे